वाचकांचे प्रश्न : देवाची लेकरं झालो, मग भीती का जात नाही?

प्रश्न : माझा बाप्तिस्मा होऊन बरीच वर्षं झाली. रोज प्रार्थना करते, बायबल वाचते, चर्चही चुकवत नाही. पण घरात कोणी आजारी पडलं की पहिला विचार हाच येतो, माझ्या कुठल्यातरी पापाची ही शिक्षा असणार. आमच्या पाळकांनी रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायावर संदेश दिला, की आपल्याला दासपणाचा नाही तर दत्तकपणाचा आत्मा मिळालाय, आता भय नाही. मला तर वाटतंच. म्हणजे मी देवाची लेक झालेच नाही का? आणि खरं सांगायचं तर बाप म्हटलं की मला माझे वडील आठवतात, ते घरात आले की आम्ही सगळे गप्प व्हायचो.

उत्तर : ताई, भीती वाटते म्हणजे मी लेक नाही, हा हिशोब पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका, कारण तो बायबलचा नाही. प्रेषित पौलाने हे रोमकरांस पत्र साधारण इ.स. ५७ च्या सुमाराला रोममधल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलं, तेव्हा तिथे गादीवर नीरो होता आणि नीरो स्वतः दत्तक होता. क्लौद्य कैसराने, म्हणजे रोमच्या आधीच्या सम्राटाने, त्याला इ.स. ५० मध्ये दत्तक घेतलं, तेही पोटचा मुलगा ब्रितानिकस घरात असताना, आणि गादी मिळाली ती दत्तकाला. त्याच्या आधीचे औगुस्त आणि तिबिर्य हे सम्राटसुद्धा दत्तकच. नीरो माणूस म्हणून कसा निघाला तो भाग वेगळा, पण पत्र ऐकणाऱ्या रोमकरांना दत्तक म्हणजे कमी प्रतीचा मुलगा असं समजावून घ्यायची गरजच नव्हती, विधी झाला की तो पूर्ण मुलगा, नाव त्या घराचं, वारसा त्या घराचा, आणि त्या दिवशी त्याच्या मनात धाकधूक होती की नव्हती हे कोणी विचारत नसे. देवबापाने ख्रिस्तामध्ये तुम्हाला घेतलंय ते त्याने ठरवून घेतलंय, इफिसकरांस पत्राच्या १ल्या अध्यायात तर हे जगाच्या स्थापनेपूर्वीच ठरलं होतं असं आहे. तुमची आजची भीती त्याच्यानंतर आली, ती हे रद्द कशी करणार?

आता त्याच ८व्या अध्यायातली "अब्बा, बापा" ही हाक, दत्तकपणाच्या आत्म्याने आपण देवाला मारतो ती (अब्बा म्हणजे अरामी भाषेत बाप). ती फक्त ज्यांना अजिबात भीती वाटत नाही त्यांचीच, असं आपण धरून चालतो. पण शुभवर्तमानात प्रभू येशूच्या तोंडी अब्बा हा शब्द एकदाच येतो, मार्क १४:३६, आणि ती गेथशेमानेची, म्हणजे येशूला पकडलं ती रात्र आहे. त्याच्या आधीच्याच ओळींत तो अतिशय व्याकूळ झालाय, माझा जीव मरणाइतका खिन्न झालाय असं शिष्यांना सांगतोय, ही दुःखाची वेळ टळावी म्हणून विनवतोय. म्हणजे ही हाक आली तीच काळोखातून आली. म्हणून मला तरी वाटतं की रिपोर्ट हातात येईपर्यंत तुमचे हात थरथरतात आणि तरी तोंडातून "बापा" निघतं, तेव्हाच दत्तकपणाचा आत्मा तुमच्यात काम करत असतो, थरथर थांबल्यावर नाही. त्याच ८व्या अध्यायात पुढे २३व्या वचनात पौल म्हणतो की ज्यांना आत्मा मिळालाय ते आपणसुद्धा कण्हत आहोत, दत्तकपणाची म्हणजे शरीराच्या मुक्तीची वाट बघत आहोत. मिळालंयही आणि पूर्ण व्हायचंयही. हे दुसरं वचन उपदेशात फारसं येत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण तुमच्यासारखी माणसं मग उगाच स्वतःला बाहेर उभं करून घेतात.

शिक्षेबद्दल. योहान सांगतो की भीतीत शासन म्हणजे शिक्षा आहे, पूर्ण प्रीती भीती घालवून देते (१ योहान ४:१८). आणि ते शासन वधस्तंभावर भोगून झालंय, ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही, ८व्या अध्यायाचं पहिलंच वचन. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनीही हेच विचारलं होतं की पाप कोणाचं, याचं की आईबापाचं, प्रभूने दोन्ही नाही म्हणून सांगितलं. घरातल्या आजारपणाला तुमचं पाप शोधत बसू नका, डॉक्टरकडे जा आणि प्रार्थना करा.

वडिलांचं तुम्ही लिहिलंत ते फार खरं आहे आणि खूप जणांचं आहे. आपल्या वडिलांवरून देव कसा असेल हे ठरवायला जाऊ नका, येशूवरून ठरवा, ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं असं तोच म्हणालाय. लूक १५ मधला उधळ्या पुत्राचा दाखला पुन्हा वाचा, हळू वाचा. बापाची मालमत्ता उडवून परतणारा धाकटा मुलगा वाटेत वाक्य पाठ करून येतो, मी पाप केलंय, मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. पण बाप धावत येऊन गळ्यात पडतो आणि ते मोलकऱ्याचं वाक्य बोलायची वेळच येत नाही, त्याच्या आधीच झगा, अंगठी, पायताण मागवलं जातं. आणि थोरला? तो कधी घर सोडून गेलाच नाही, तरी म्हणतो मी इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय. घरात राहून मनाने दास. त्यालाही बाप "बाळा" म्हणतो, माझं आहे ते सगळं तुझंच आहे म्हणतो.

मेथडिस्ट परंपरा ज्याच्यापासून सुरू झाली तो जॉन वेस्ली १७३५ मध्ये मिशनरी म्हणून अमेरिकेला निघाला होता, दीक्षित धर्मगुरू होता, तरी जहाज वादळात सापडल्यावर मरणाला घाबरला. त्याच जहाजावरची मोरावियन पंथाची ख्रिस्ती कुटुंबं मात्र शांतपणे गीत गात होती. पुढे त्याने लिहिलं की तेव्हा माझ्याकडे दासाचा विश्वास होता, पुत्राचा नव्हता. २४ मे १७३८ ला त्याला खात्रीचा अनुभव आला, पण त्यानंतरच्या महिन्यांतही त्याच्या रोजनिशीत शंका आहेत, खिन्नता आहे. पटकन भीती गेली नाही म्हणून घाबरू नका. आणि झोप उडत असेल, सतत तेच विचार येत असतील तर समुपदेशकाला भेटा, त्यात विश्वास कमी पडला असं काहीही नाही.

प्रश्न : भीतीच घालवली तर लोक बिनधास्त पाप करतील ना? परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा आरंभ आहे असं बायबलच म्हणतं.

उत्तर : म्हणतंच, आणि ते भय जात नाही. जुन्या काळातला मोठा ख्रिस्ती शिक्षक ऑगस्टीन, त्याने दोन बायका डोळ्यांसमोर आणायला सांगितलं होतं, एक नवरा येईल म्हणून घाबरते कारण तिचं वागणं चुकलंय, दुसरी नवरा सोडून जाईल म्हणून घाबरते कारण तिचं त्याच्यावर प्रेम आहे. पहिलं भय प्रीतीने जातं, दुसरं प्रीतीतूनच येतं. आणि नुसत्या शिक्षेच्या धाकाने जो पाप टाळतो त्याचं मन पापातच असतं, संधी मिळाली की कळतं.

प्रश्न : पुन्हा पुन्हा तेच पाप होतं माझ्याकडून. दत्तकपण रद्द होतं का?

उत्तर : देवाने एकदा दत्तक घेतलेला कधीच गमावला जात नाही असं रिफॉर्म्ड मंडळ्या (कॅल्व्हिनच्या शिकवणीच्या) शिकवतात, मेथडिस्ट परंपरेत माणूस स्वतः पाठ फिरवून जाऊ शकतो असं मानतात. पण पडलो आणि रडत परत आलो म्हणून बापाने नाव काढून टाकलं, असं दोघांपैकी कोणीच म्हणत नाही. १ योहान २:१ वाचा, कोणी पाप केलं तर पित्याजवळ आपला कैवारी आहे. आजच कबूल करा, लपवत बसू नका, आणि ज्याच्यावर तुमचा भरवसा आहे अशा एका वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्यालाही सांगा.