यंत्र थंड ठेवा, बॅटरी उबेत: शून्याखालच्या क्षेत्रकामाबद्दल वाचकांचे प्रश्न

हिमप्रदेशात दुर्बीण, सूक्ष्मदर्शक किंवा वर्णपटमापक (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती, ते मोजणारं यंत्र) घेऊन काम करणाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच निवडले आहेत.

प्रश्न: माझी दुर्बीण नायट्रोजन भरलेली, पूर्ण बंदिस्त आहे. तरी बाहेरून तंबूत आलं की भिंगांवर पाणी साचतं. दुर्बीण बिघडली आहे का?

नाही. नायट्रोजन फक्त आतली बाजू कोरडी ठेवतो. बाहेरच्या काचेवर पाणी येतं ते तंबूतल्या हवेतून. २० अंश सेल्सिअसची हवा घनमीटरमागे सुमारे १७ ग्रॅम बाष्प धरू शकते, उणे २० अंशांची जेमतेम एक ग्रॅम. तंबूत स्टोव्ह पेटलेला, भांड्यात बर्फ वितळतोय, चार माणसं श्वास सोडताहेत. अशा हवेत गोठलेली काच आली की बाष्प तिच्यावरच उतरणार. तीच दुर्बीण तशीच परत बाहेर नेलीत तर त्या पाण्याचा बर्फ होतो, आणि तो फोकसच्या चाकाच्या फटीतही शिरतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं: यंत्र आत आणूच नका. पेटीत घालून तंबूच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा आणि मोहीम संपेपर्यंत थंडच राहू द्या. आणणं भागच असेल तर बाहेर असतानाच हवाबंद पिशवीत बंद करा आणि यंत्र पूर्ण कोमट होईपर्यंत पिशवी उघडू नका. मोठ्या यंत्राला त्यासाठी कित्येक तास लागतात. घाई केलीत तर पिशवीचा काही उपयोग नाही.

नेत्रिकेवर (डोळ्याकडच्या भिंगावर) श्वासाचं दहिवर धरलं तर तोंडाने फुंकू नका, त्याने ते वाढतं. रबरी फुग्याने हवा मारा आणि मऊ ब्रशने झाडा.

प्रश्न: उणे ३० च्या आसपास फोकसचं चाक फिरत नाही. जोर लावून फिरवलं तर प्रतिमा आधीसारखी स्पष्ट येत नाही. असं का?

इथे दोन वेगळी कारणं आहेत. चाक अडतं ते ग्रीसमुळे. साधं ग्रीस थंडीत घट्ट होत जातं, म्हणून ध्रुवीय कामाची यंत्रं आधी खोलून, धुऊन, कमी तापमानाचं वंगण अगदी थोडं लावून पुन्हा जोडतात. हे काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्या. घरी खोललेल्या दुर्बिणीची दोन नळ्यांची जुळणी जाते आणि आतला नायट्रोजनही.

प्रतिमा बिघडते ती आकुंचनामुळे, आणि ही बाब यंत्र विकत घेण्याआधीच विचारात घ्यायला हवी. तापमान अधिक २० वरून उणे ४० वर गेलं की १० सेंटिमीटर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची नळी साधारण ०.१४ मिलिमीटरने आखडते. तितक्याच लांबीची नेहमीची भिंगाची काच मात्र ०.०४ ने. नळीतला फरक फोकस हलवून भरून काढता येतो. भिंगाभोवतीची कडी आवळली गेली तर मात्र काचेवर ताण येतो, प्रतिमेला कोपरे फुटतात आणि मग चाक कितीही फिरवा, ती जुळत नाही. यासाठी चांगले निर्माते कडी आणि काच यांत जरा फट ठेवतात, किंवा टायटॅनियम वापरतात, कारण त्याचं आकुंचन काचेच्या बरंच जवळ जातं. इन्व्हार हा लोखंड-निकेलचा मिश्रधातू जवळजवळ आखडतच नाही. त्याच्या शोधासाठी शार्ल एदुआर गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण तो जड असतो, पाठीवर वाहायच्या यंत्रात शोभत नाही.

जोर मात्र लावू नका. दाते तुटले तर तिथे दुरुस्ती होत नाही.

प्रश्न: वर्णपटमापकाने बर्फाची परावर्तकता मोजतो. सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळत नाहीत. बॅटरीचा दोष असेल का?

बॅटरी थंडीत लवकर संपते हे खरं. राखीव बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवा, आणि लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली कधीही चार्ज करू नका. आत धातुरूप लिथियम साचून ती कायमची खराब होते. एकदाच वापरायचे लिथियमचे पेन्सिल सेल उणे ४० पर्यंत चालतात, अल्कलाइन त्याच्या खूप आधी मान टाकतात.

पण आकड्यांचा संशय मला संवेदकावर येतो. सिलिकॉनचा संवेदक थंड झाला की १००० नॅनोमीटरच्या आसपासची त्याची संवेदनशीलता घटते. बर्फाच्या कणांचा आकार ज्यावरून काढतात तो शोषणपट्टा (बर्फ जिथे प्रकाश जास्त शोषतो तो भाग) १०३० नॅनोमीटरच्या जवळ आहे, म्हणजे चूक नेमकी नको तिथे शिरते. यंत्र बाहेरच्या तापमानाला स्थिरावू द्या, मग तुलनेसाठीच्या पांढऱ्या संदर्भ-तबकडीचं आणि अंधाराचं (प्रकाश पूर्ण अडवून) वाचन घ्या, आणि दोन्ही वारंवार घेत राहा. सकाळच्या एका वाचनावर दिवस काढू नका. तबकडीवर हिमकण पडलेत का, तेही दर वेळी पाहा.

प्रश्न: हिमस्फटिक भिंगाखाली धरेपर्यंत वितळतात. काय करावं?

काचपट्टी, चिमटा, भिंग, कार्ड सगळं आधीपासून बाहेर थंड होऊ द्या, श्वास बाजूला सोडा, प्रकाशाला एलईडी वापरा. विल्सन बेंटली यांनी १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकातून हिमस्फटिकांची छायाचित्रं घेतली तीही थंडीतच काम करून. साचलेल्या हिमाच्या थरांच्या अभ्यासाला आठ ते दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि मिलिमीटरच्या जाळीचं गडद कार्ड पुरतं.

तांबड्या बर्फातली शैवालं पाहायची असतील तर गोष्ट उलटी होते: पाण्यातला नमुना काचपट्टीवर गोठता कामा नये, म्हणून शून्याच्या किंचित वर काम करा. या पेशी बहुधा १० ते ३० मायक्रॉनच्या असतात. मनू प्रकाश यांच्या गटाने स्टॅनफर्डमध्ये विकसित केलेला फोल्डस्कोप हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक सुमारे १४० पट मोठं दाखवतो. त्याला वीज लागत नाही. अशा ठिकाणी मला तो महागड्या यंत्रापेक्षा भरवशाचा वाटतो.

प्रश्न: थिओडोलाइटच्या (सर्वेक्षणात कोन मोजायच्या यंत्राच्या) पाणसळीतला बुडबुडा थंडीत लांबट दिसतो. बदलावा का?

नको. आतला द्रव आखडतो, म्हणून बुडबुडा वाढतो. दोन्ही टोकं वाचून मध्य काढा. यंत्राच्या एकाच बाजूला ऊन लागू देऊ नका, त्याने मात्र खरी चूक होते.