भाजी न खाणाऱ्या मुलीला पौष्टिक आहाराची गोडी खेळातून कशी लावावी?

आपली सात वर्षांची मुलगी ताटातली भाजी कडेला सारते आणि कितीही समजावले तरी ऐकत नाही, तेव्हा तिला खेळातून काही शिकवता येईल का, असे आपण विचारले आहे. मी प्राथमिक शाळेत दुसरी-तिसरीच्या वर्गांना शिकवते. आहाराविषयी नुसते ऐकून मुले काही खायला लागत नाहीत, पण जो पदार्थ त्यांच्या हातून घडतो तो निदान चाखून पाहिल्याशिवाय त्यांना राहवत नाही, असा माझा अनुभव आहे.

आमच्या वर्गात सर्वांत रंगला तो मटकीला मोड आणण्याचा उपक्रम. प्रत्येकाने मूठभर मटकी निवडली, भिजवली, पाणी काढून ओल्या फडक्यात तिची पुरचुंडी बांधली आणि नावाची चिठ्ठी लावून खिडकीखाली ओळीने ठेवली. दुसऱ्या दिवशी मोड पट्टीने मोजण्याची आणि भिजूनही दगडासारखे राहिलेले गणंग शोधण्याची अशी काही चढाओढ लागली की मधली सुट्टी झाल्याचेही कोणाला कळले नाही. जास्त पाण्यात मोड लांब येतील अशा हिशेबाने एका मुलाने मटकी दोन दिवस पाण्यातच ठेवली होती. तिला फेस आला, वास सुटला आणि सगळ्या वर्गाने नाक धरले, पण मोड यायला पाण्याइतकीच हवाही लागते, हे मला वेगळे शिकवावे लागले नाही. नंतर मटकी वाफवून तिच्यात कांदा, टोमॅटो आणि मीठ घातले व वरून लिंबू पिळले. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातील लोह अंगी लागते, हे सांगायला तोच क्षण योग्य होता, कारण लिंबू तेव्हा त्यांच्याच हातात होते.

दुसरा खेळ साखरेचा आहे. शीतपेयाच्या बाटलीवर १०० मिलीलीटरमागे १०.५ ग्रॅम साखर लिहिलेली असेल, तर २५० मिलीलीटरमध्ये ती सुमारे २६ ग्रॅम भरते. चहाच्या एका सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम धरल्यास हे साडेसहा चमचे होतात. मुलीलाच रिकाम्या पेल्यात एकेक चमचा मोजून टाकू द्यावा आणि आपण गप्प बसावे. बिस्किटांच्या पुड्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, त्यामुळे साखर कितव्या क्रमांकावर आहे हे शोधणेही तिला जमेल.

अन्नघटकांच्या रंगीत तक्त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. मुले गाजर सुंदर रंगवतात आणि डब्यातले तसेच घरी नेतात. त्याहून मंडईत वीस रुपये हातात देऊन एक भाजी तिला निवडू द्यावी. मात्र ‘भाजी संपव, मग चॉकलेट देते’ हा सौदा कटाक्षाने टाळावा, कारण त्यात भाजी शिक्षा ठरते आणि चॉकलेट बक्षीस. नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा तरी ती जिभेवर यावी लागते, म्हणून पहिल्या दिवशी तिने एकच घास घेतला तरी पुरे मानावे.

सुरुवात शनिवारी सकाळी मटकी भिजत घालून करावी. रात्री पाणी काढून तिच्याच हाताने पुरचुंडी बांधून घेतली, तर रविवारी संध्याकाळपर्यंत मोड दिसतील, थंडीत थोडा अधिक वेळ लागेल, आणि सोमवारच्या डब्यात तिने स्वतः मोड आणलेल्या मटकीची उसळ देता येईल.