नागपुरात लेझर कामासाठी अ‍ॅक्रिलिक-एमडीएफ: ऑनलाइन लॉट की इथलं दुकान?

तुमचा प्रश्न असा, की 60 वॅटची सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या ट्यूबची) लेझर मशीन घेतली, बेड (माल ठेवायची जागा) 600×900 मिमी, आणि ऑनलाइन अ‍ॅक्रिलिक इथल्या दुकानांपेक्षा बरंच स्वस्त दिसून राहिलं. तर एकदम मोठा लॉट मागवावा का? माझं मत, सध्या नको. तुम्ही तुलना केली ती शीटच्या भावाची. गिऱ्हाईक शीट नेत नाही, कोरलेली पाटी नेतो.

आधी एमडीएफचं (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचं) बघू. पूर्ण शीट 8×4 फूट, म्हणजे 2440×1220 मिमी. लकडगंजात किंवा कुठेही दुकानदाराला ‘2 बाय 3 चे तुकडे करा’ म्हटलं तर तो 610×914 कापणार, आणि तो तुकडा तुमच्या बेडवर बसणारच नाही. चिठ्ठीवर मिलिमीटरमध्ये लिहून द्या: 595×895. सगळे तुकडे एकाच दिशेने काढले तर 4 निघतात. शेवटच्या पट्टीत पाचवा आडवा बसतो, तेवढं उभं राहून सांगावं लागतं. समजा शीट 800 ला पडली (भाव तुमचा टाका). चौघांवर भागली तर तुकडा 200 चा, पाचांवर 160 चा. एवढा फरक दोन दुकानांच्या भावात क्वचितच मिळेल. वर कटिंगची मजुरी आणि टेम्पोचं भाडं धरायचंच.

आता पाटीचा हिशोब. उदाहरणादाखल, माल 40 रुपयांचा आणि एनग्रेव्हिंगला 25 मिनिटं. ट्यूबची झीज, वीज, तुमचा वेळ मिळून तासाला 300 धरले तर मशीनचेच 125. माल 15 टक्के स्वस्त मिळाला तर पाटीमागे वाचले 6 रुपये. एक पाटी बिघडली की 165 गेले, म्हणजे सत्तावीस पाट्यांची बचत गेली.

अ‍ॅक्रिलिकमध्ये बिघाड होतो तो बहुतेक इथेच: कास्ट (साच्यात ओतलेलं) की एक्स्ट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेलं)? कास्टवर कोरलेलं पांढरं, दुधी उमटतं. एक्स्ट्रूडेडवर अक्षर फिकट राहतं, कडेला माल वितळून चिकटतो. एक्स्ट्रूडेड स्वस्त असतं, जाडी एकसारखी असते, कापलेली कड चकचकीत येते, तेव्हा नुसत्या कटिंगला बिनधास्त वापरा. पण एलईडी लॅम्प आणि पाट्यांना कास्टच. ऑनलाइन कित्येकदा नुसतं ‘अ‍ॅक्रिलिक शीट’ लिहिलेलं असतं. त्याच लॉटचा हातभर तुकडा मागवून कोरून बघा, मग ऑर्डर. कास्टची जाडी मात्र कमी-जास्त भरते. खाचेत बसणारं काम असेल तर प्रत्येक शीटला कॅलिपर लावा.

रेक्झिन, सनबोर्ड किंवा ओळख न पटलेलं प्लास्टिक फुकट मिळालं तरी घेऊ नका. त्यात पीव्हीसी (क्लोरीन असलेलं प्लास्टिक) असू शकतं, आणि ते जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. छातीलाही वाईट आणि मशीनच्या रेल गंजतात. शंका असेल तर तांब्याची तार लाल तापवून तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे. हे उघड्यावरच करा.

प्लायचं थोडक्यात: बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणाऱ्या) ग्रेडचा फिनॉलिक डिंक लेझरला नीट कापू देत नाही, एमआर (फक्त ओलाव्याला तोंड देणारी) ग्रेड घ्या. सागवान कोरायचं असेल तर आरागिरणीत छाट (कापून उरलेले तुकडे) विचारा. (बल्लारशाचा साग अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेला, आपल्याला छाट पुरे.) पावसाळ्याच्या तोंडावर एमडीएफचा साठा करू नका, ओल धरून वाकतो. आहे तो आडवा ठेवा, भिंतीला टेकवून नाही.

जीएसटीत नोंदणी असेल आणि कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांच्या ठोक दराच्या योजनेत) नसाल, तर कर वगळून भाव ताडा, कारण तो क्रेडिटमध्ये परत येतो. नाहीतर करासकट.

बाटल्या-पेनांवर नाव कोरायचं गणित मात्र उलटं. तिथे खर्चाचा मोठा भाग कोऱ्या वस्तूचाच, म्हणून तिथे घासाघीस करा, बाहेरून मोठा लॉटही चालेल. पण पावडर कोटिंगवालीच घ्या. सीओटूने कोटिंग उडून खालचं स्टील दिसतं. नुसत्या स्टीलवर मार्किंग स्प्रेशिवाय काही उमटत नाही, त्याला फायबर लेझर (धातूवर चालणारी वेगळी मशीन) लागतो. 50 ची ऑर्डर असेल तर त्याच लॉटच्या 53 मागवा (तीन बिघाडासाठी), पुढच्या लॉटचा रंग जुळेलच असं नाही.