एनएक्स ईगलची (स्रॅम कंपनीचा गिअर संच) हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक, हिचे गिअर वायरलेस करायचे, तर सगळी ड्राइव्हट्रेन (चेन-गिअरची यंत्रणा) बदलावी लागते का?

नाही. १२ स्पीड ईगल आधीच आहे, त्यामुळे कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या), चेन आणि क्रँक (पेडलचे दांडे) तसेच राहतात. लागतो तो स्रॅमच्याच वायरलेस जीएक्स ईगल एएक्सएसचा अपग्रेड किट: डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग), हँडलबारचा कंट्रोलर, बॅटरी, चार्जर आणि चेन गॅप (डिरेलरची वरची पुली आणि कॅसेट यांच्यातलं अंतर) मोजायची पट्टी. चेन घासलेली असेल तर मात्र तीही आत्ताच बदला.

स्रॅमचीच ‘ट्रान्समिशन’ ही वायरलेस मालिका वेगळी. तिला यूडीएच (डिरेलर हँगरचा एक प्रमाणित प्रकार) बसणारी फ्रेम, स्वतःची कॅसेट आणि चेन लागते. खर्च बराच वाढतो. हार्डटेलला मला तरी तो पटत नाही.

जुना शिफ्टर आणि केबल काढा, मग आधी हँगर (फ्रेमवर डिरेलर जिथे बसतो तो तुकडा) सरळ आहे का ते गेजने तपासा. बहुतेक तक्रारी इथूनच येतात. हँगर वाकलेला असेल तर मोटर कितीही अचूक फिरली तरी गिअर खडखडतातच. पेअरिंगसाठी डिरेलरचं बटण दिवा हळू लुकलुकेपर्यंत दाबा, मग कंट्रोलरचं बटण जलद लुकलुकेपर्यंत. चेन गॅप पट्टीनेच लावा, अंदाजाने नको. एच आणि एल लिमिट स्क्रू (डिरेलर दोन्ही टोकांना किती सरकेल ते ठरवणारे) इथेही आहेत, विसरू नका. बारीक फरक उरला तर कंट्रोलरचं एएक्सएस बटण दाबून ठेवून शिफ्टचं बटण दाबा. दर वेळी डिरेलर किंचित सरकतो.

बॅटरी साधारण २० तास चालते, कंट्रोलरमध्ये सीआर२०३२ सेल. कारवर सायकल नेताना बॅटरी काढून ठेवा, नाहीतर हादऱ्यांनी डिरेलर जागाच राहतो आणि पोहोचेपर्यंत चार्ज उतरतो.