इंग्लंडमध्ये घर विकून दुसरं घेतोय आणि सॉलिसिटर (घराचा व्यवहार पाहणारा वकील) काही हलत नाही. बदलू का?

तुम्ही लिहिलंय की स्लाऊचा लीजहोल्ड (ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा) फ्लॅट विकून घर घेताय, ऑफर मान्य होऊन १४ आठवडे झाले, सॉलिसिटर दर वेळी ‘समोरच्यांकडून उत्तर यायचंय’ एवढंच सांगतो आणि तुमचा फ्लॅट घेणारा आता मागे हटायची भाषा करतोय.

आत्ता बदलू नका. नवा सॉलिसिटर सगळी फाइल पहिल्या पानापासून वाचणार, तुमची ओळखपत्रं आणि पैशांचे कागद पुन्हा मागणार, आणि जुन्याचं बिल चुकतं केल्याशिवाय तो फाइल सोडत नाही. यात सहज महिना जातो. त्याआधी एकच गोष्ट शोधून काढा: नेमका कोणता कागद, कोणाच्या टेबलावर, कोणत्या तारखेपासून पडून आहे. मला हे कळायला चार महिने लागले, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही सप्टेंबर २०२४ मध्ये रेडिंगमधलं टेरेस घर (भिंतीला भिंत लागून असलेल्या रांगेतलं) विकायला काढलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला थोडं मोठं घर पाहिलं. चार घरांची चेन होती, म्हणजे प्रत्येकाचा व्यवहार पुढच्या-मागच्या व्यवहारावर अडलेला. नव्या घराच्या चाव्या मिळाल्या ९ एप्रिल २०२५ ला. १ एप्रिलपासून स्टॅम्प ड्यूटी न लागणारी मर्यादा अडीच लाख पौंडांवरून सव्वा लाखावर आली होती. त्या नऊ दिवसांच्या उशिराचे आम्हाला २,५०० पौंड जास्त पडले. ते पैसे मला अजून टोचतात.

डिसेंबरपर्यंत मी दर दोन दिवसांनी ‘काही अपडेट?’ असा ईमेल टाकत होते. अशा ईमेलला ‘वाट पाहतोय’ याच्यापलीकडे उत्तर येतच नाही. जानेवारीत एका मैत्रिणीने सांगितलं, सकाळी फोन कर, सॉलिसिटर नाही मिळाला तर त्याच्या असिस्टंटशी बोल आणि बाकी राहिलेल्या एन्क्वायरीजची (समोरच्या सॉलिसिटरच्या प्रश्नांची) यादी माग. त्याच संध्याकाळी यादी आली. विक्रीच्या बाजूची एक आणि खरेदीच्या बाजूची एक अशा दोन गोष्टी आमच्याच गळ्यात होत्या आणि आम्हाला कुणी विचारलंही नव्हतं.

पहिली होती मागच्या बेडरूमची खिडकी. आमच्या आधीच्या मालकाने ती बदलली होती. एप्रिल २००२ नंतर बदललेल्या खिडकीला फेन्साचं (खिडक्या बसवणाऱ्यांची नोंदणी योजना) किंवा कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलचं प्रमाणपत्र लागतं. घेणाऱ्याच्या सॉलिसिटरने ते नोव्हेंबरात मागितलं होतं आणि ते पत्र आमच्या सॉलिसिटरच्या फाइलमध्येच राहिलं होतं. मी फेन्साच्या वेबसाइटवर पत्ता टाकला, थोडी फी भरली आणि प्रत मागवली. दोन महिने अडलेलं काम दहा मिनिटांत सुटलं. प्रमाणपत्र मिळालंच नसतं तर इन्डेम्निटी विमा (कागद नसल्याने पुढे नुकसान झालं तर भरपाई देणारा) घेता येतो, पण तो घ्यायची शक्यता असेल तर आधी कौन्सिलला फोन करून चौकशी करू नका. कौन्सिलला कळलं की विमा कंपनी पॉलिसी देत नाही.

दुसरी गोष्ट होती वडिलांनी दिलेले २०,००० पौंड. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना आईवडिलांची मदत असते, म्हणून हे नीट वाचा. २०१७ च्या मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे सॉलिसिटरला पैसा मुळात कुठून आला हे तपासावंच लागतं. बाबांनी साताऱ्याजवळचा प्लॉट विकला होता. नुसतं बँकेचं स्टेटमेंट पुरेना. खरेदीखत हवं, ते मराठीत, म्हणजे प्रमाणित अनुवाद हवा. शिवाय बाबांचं ओळखपत्र, आणि ही भेट आहे, परत करायची नाही, घरावर माझा हक्क नाही असं त्यांच्या सहीचं पत्र. बाबांनी खिडकीजवळच्या टेबलावर खरेदीखताचं एकेक पान दाबून धरून मोबाइलवर फोटो काढले. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा आहे. मग सॉलिसिटरच्या ऑफिसातून प्रश्न आला की ‘गट नंबर’ म्हणजे काय आणि विकणाऱ्यांमध्ये काकांचंही नाव का आहे. वडिलोपार्जित जमिनीचं दोन ओळींचं स्पष्टीकरण अनुवादाला जोडलं असतं तर तीन आठवडे वाचले असते. तुमच्याकडे असे पैसे येणार असतील तर कागद आजच जमवायला घ्या. भारतातल्या बँकेतून एवढी रक्कम बाहेर पाठवायलाही फॉर्म आणि फेऱ्या लागतात.

आपल्याकडे टोकन दिलं, साठेखत झालं की दोन्ही बाजू बऱ्यापैकी बांधल्या जातात. इंग्लंड-वेल्समध्ये ऑफर मान्य झाली तरी कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज (सह्या केलेल्या करारांची अदलाबदल) होईपर्यंत कुणीही कारण न देता उठून जाऊ शकतो. (स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे.) म्हणून एक्स्चेंज होईपर्यंत सामानाची व्हॅन पक्की करू नका. आणि एक्स्चेंजची तारीख कुणी आपणहून ठरवत नाही, ती तुम्हीच सुचवावी लागते. फोन केलात की ‘अमुक शुक्रवारी एक्स्चेंज करायचं तर तुम्हाला अजून काय काय हवंय?’ असं विचारा. याचं उत्तर नेमकं द्यावं लागतं. फोननंतर जे ठरलं ते चार ओळींत तारखेसह ईमेल करा.

एस्टेट एजंटला कामाला लावा. त्याचं कमिशन कम्प्लीशनवर (पैसे पोचून चाव्या हातात येण्यावर) अवलंबून असतं आणि चेनमधल्या बाकीच्या एजंटांशी तो थेट बोलू शकतो. तुम्हाला समोरच्या सॉलिसिटरशी बोलता येत नाही, त्याला निदान खबर काढता येते. दोन तारखा भिंतीवर लिहून ठेवा: मॉर्गेज (गृहकर्ज) ऑफर कधी संपते, आणि सर्चेस (कौन्सिल वगैरेंकडच्या घराबद्दलच्या नोंदींची तपासणी) कधी केले. सहा महिन्यांपेक्षा जुने सर्चेस बँका सहसा चालवून घेत नाहीत. ऑफर संपायला महिना असतानाच ब्रोकरकडून मुदतवाढ मागा.

तक्रारीबद्दलही विचारलंय. आधी फर्मकडेच लेखी करायची. त्यांना उत्तराला आठ आठवडे मिळतात. समाधान झालं नाही तर लीगल ऑम्बड्समनकडे (वकिलांविरुद्धच्या तक्रारी पाहणारी संस्था) जाता येतं, ते मोफत आहे. फर्मच्या अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांच्या आत आणि मूळ घटनेपासून वर्षाच्या आत जावं लागतं. मी घरात राहायला गेल्यावर तक्रार केली. फीचा काही भाग परत मिळाला, स्टॅम्प ड्यूटीचे पैसे नाही. तक्रार जरूर करा, पण तिने तुमचं घर लवकर होईल ही अपेक्षा ठेवू नका.

कम्प्लीशन शुक्रवारी ठेवू नका. बँकेतून पैसे वेळेत पोचले नाहीत तर शनिवार-रविवार सामानासकट रस्त्यावर. आणि सॉलिसिटरच्या खात्याचा नंबर ईमेलवर आला तर तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय एक पौंडही पाठवू नका. या फसवणुकीत लोकांनी आयुष्यभराची बचत गमावली आहे.

आता तुमचा फ्लॅट. लीजहोल्ड विकताना मॅनेजमेंट पॅक, म्हणजे इमारतीच्या माहितीचा संच लागतो: सर्व्हिस चार्ज (देखभाल खर्च), ग्राउंड रेंट (जमिनीचं भाडं), इमारतीचा विमा, येऊ घातलेली मोठी दुरुस्ती. तो फ्रीहोल्डर (इमारतीचा मूळ मालक) किंवा मॅनेजिंग एजंटकडून येतो, फी आधी भरावी लागते आणि यायला कित्येक आठवडे लागतात. तुमच्या वर्णनावरून मला दाट शंका आहे की तुमचं काम तिथेच अडकलंय. उद्या सकाळी फोन करून तीनच गोष्टी विचारा: पॅक मागवलाय का, पैसे भरलेत का, कोणत्या तारखेला.

जे कळेल ते त्याच दिवशी एजंटमार्फत तुमच्या फ्लॅट घेणाऱ्यापर्यंत पोचवा. आमच्या चेनच्या तळाशी पहिल्यांदाच घर घेणारं एक तरुण जोडपं होतं. फेब्रुवारीत ते सोडून निघाले होते. मी दर शुक्रवारी एजंटकडून त्यांना काय आलं, काय बाकी आहे, कोणाकडे, याची तारखांसह यादी पाठवायला लागले. ते थांबले.