वाचकांचे प्रश्न : झाडे कुठे लावावीत, हे गणित सांगू शकेल का?

प्रश्न : ब्रिटनमध्ये देशभरातील जमिनीच्या वापराचे धोरण ठरवताना अर्थशास्त्र आणि पर्यावरण यांची सांगड घालणारी संगणकीय मॉडेल्स वापरतात, असे वाचनात आले. ही मॉडेल्स नेमके काय करतात? आमच्याकडे खाडीकाठच्या पाणथळ जागांवर बांधकाम करावे की त्या राखाव्यात, हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. तो त्यांनी सुटेल का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : जमिनीचा एकच वापर जागा बदलताच किती लाभाचा किंवा तोट्याचा ठरतो, हे नकाशावर दाखवणे हे या मॉडेल्सचे मुख्य काम आहे. पर्यावरण-अर्थशास्त्रज्ञ इयान बेटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात मांडलेला ब्रिटनचा अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. तेथील माती, पाऊस, तापमान आणि बाजारभाव पाहून देशाच्या प्रत्येक लहान चौकटीत शेतकरी काय पिकवेल किंवा किती गुरे पाळेल, याचा अंदाज आधी बांधला जातो. मग त्या निर्णयामुळे हरितगृह वायू किती बाहेर पडतील, लोकांना फिरायला मोकळी जागा किती मिळेल आणि पक्ष्यांच्या जातींचे काय होईल, हे काढले जाते. केवळ शेतमालाच्या बाजारमूल्याकडे पाहून घेतलेले निर्णय समाजाला एकूण तोट्यात नेऊ शकतात, असे त्यातून दिसले.

वनीकरणात हे ठळकपणे कळते. जमीन स्वस्त म्हणून दूरच्या डोंगराळ भागात, कार्बनने भरलेल्या दलदलीच्या मातीवर झाडे लावली, तर ती माती कोरडी पडून तिच्यात साठलेला कार्बन हवेत जातो आणि तिथवर फिरायला येणारेही थोडेच असतात. ब्रिटनच्या सरकारला सल्ला देणाऱ्या नैसर्गिक भांडवल समितीने २०१५ च्या अहवालात म्हटले होते, की अडीच लाख हेक्टरपर्यंतची नवी वने शहरांजवळ उभी केली, तर समाजाला वर्षाला ५० कोटी पौंडांहून अधिक निव्वळ लाभ होऊ शकतो. आपल्याकडे वनजमीन अन्य कामासाठी वळवताना ‘निव्वळ वर्तमान मूल्य’, म्हणजे त्या वनापासून पुढे मिळू शकणाऱ्या लाभांची आजच्या पैशांतील किंमत, भरावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ते हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये असे ठरवले आणि पुढे दर वाढले. पण ते वनाच्या प्रकारावर आणि दाटीवर ठरतात. ठाण्यासारख्या दाट वस्तीला लागून असलेले वन आणि निर्जन मुलखातील तसेच वन यांतील फरक त्यात धरला जात नाही, ही माझ्या मते मोठी उणीव आहे.

आता आपल्या खाडीकाठाकडे येऊ. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीहून सखल असल्याने सिडकोने धारण तलाव बांधले. भरती असताना खाडीकडची झडपांची दारे बंद राहतात, पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटी लागली की खाडीत निघून जाते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर ते पाणी काही तास थांबणार कुठे, यावर सेक्टरांतील तळमजले आणि दुकाने कोरडी राहतील की नाही, हे ठरते. त्यामुळे येथील एका हेक्टर तलावाचे मोल मोजताना टळलेले नुकसान धरावेच लागते, आणि ते मागे किती वस्ती आहे यावर अवलंबून असते. दुसरीकडे, तलावांत गाळ साचून खारफुटी वाढली आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार ती परवानगीशिवाय तोडता येत नाही. कोणत्या भागातील गाळ काढल्यास किती खारफुटी जाईल आणि किती पाणी जास्त मावेल, हे मॉडेल सांगू शकेल. निवड मात्र माणसांनाच करावी लागेल.

पाणथळ जागेचा हिशेब एकेका भूखंडापुरता करणेही चुकीचे आहे. भरतीला खाडीतील चिखलाची मैदाने पाण्याखाली गेली, की रोहित पक्षी (फ्लेमिंगो) नेरूळच्या पाणथळींवर येऊन उतरतात. म्हणजे २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळालेल्या ठाणे खाडी अभयारण्याचे मोल अभयारण्याच्या हद्दीबाहेरील या जागांवरही अवलंबून आहे. ब्रिटनच्या अभ्यासात पक्ष्यांच्या विविधतेला पैशांत किंमत लावली नव्हती. ती घटू नये, अशी अटच घातली होती. आपल्याकडेही हाच मार्ग योग्य ठरेल. फिरण्याच्या जागेचे मोल लोक तिथे जाण्यासाठी किती वेळ आणि पैसा खर्च करतात यावरून काढतात आणि त्यात सुखवस्तू माणसाचे पारडे आपोआप जड होते. खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळी-आगरी कुटुंबाचे उत्पन्न वेगळे मोजले नाही, तर ते हिशेबात नसल्यासारखेच होईल.

प्रश्न : जमीन हा राज्यांचा विषय आहे. मग ब्रिटनसारखे जमिनीच्या वापराचे राष्ट्रीय धोरण आपल्याकडे राबवणार कोण? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : आपला मुद्दा बरोबर आहे, जमीन राज्यसूचीत आहे. केंद्राच्या भूसंसाधन विभागाने २०१३ मध्ये राष्ट्रीय भू-वापर धोरणाचा मसुदा काढला होता, पण केंद्राच्या हातातले खरे साधन निधीचे आहे. राज्यांना करांचा वाटा देताना चौदाव्या वित्त आयोगाने वनाच्छादनाला ७.५ टक्के, तर पंधराव्याने वन व पर्यावरणाला १० टक्के भार, म्हणजे वाटपाच्या सूत्रातील महत्त्व, दिले. यात मोजले जाते ते वनाचे क्षेत्र. त्याचा लाभ कुठे आणि कोणाला पोहोचतो, हे नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे भू-वापर नकाशे उपलब्ध आहेत आणि अशा हिशेबासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेले ‘इन्व्हेस्ट’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, तेव्हा निदान एखाद्या जिल्ह्यापुरता हा हिशेब मांडून पाहण्यास आजही अडचण नाही.