बेटावरची मालमत्ता : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मॉरिशसमध्ये समुद्राला लागून असलेला बंगला 3 लाख 75 हजार डॉलरला मिळतो आहे. सोबत निवास परवानाही मिळतो म्हणतात. घ्यावा का? (वाचक, ठाणे)

उत्तर : परवान्याचं खरं आहे. सरकारमान्य प्रकल्पात किमान एवढ्या किमतीची मालमत्ता घेणाऱ्या परदेशी माणसाला, ती त्याच्या नावावर असेपर्यंत, तिथे राहता येतं. घोळ 'समुद्राला लागून'मध्ये आहे. भरतीच्या रेषेपासून आतला 81.21 मीटरचा पट्टा फ्रेंच अमदानीपासून सरकारसाठी राखीव आहे (250 फ्रेंच फूट, म्हणून हा विचित्र आकडा). ही सरकारी जमीन विकत नाहीत, भाडेपट्ट्याने देतात. त्यामुळे बंगल्याखालची जमीन मालकीची की भाडेपट्ट्याची, भाडेपट्ट्याची असल्यास किती वर्षं उरलीत आणि भाडं कधी वाढतं, हे तिथल्या नोटरीकडून (खरेदीखत करणाऱ्या कायदेतज्ज्ञाकडून) लेखी घ्या. बांधकाम चालू असेल तर ते पूर्ण करण्याची बँक हमी मागा. बिल्डर अर्ध्यात थांबला तर तेवढाच आधार.

आता पैसे. रिझर्व्ह बँक एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवू देते. नवरा-बायकोने मिळून पाठवायचे तर खरेदीखतात दोघांचीही नावं हवीत. इथेच बरेच जण अडकतात. माणशी 10 लाख रुपयांच्या वर बँक 20 टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा प्राप्तिकर) घेते. डॉलर 88 रुपये धरला तर दोघांचे मिळून सुमारे 62 लाख. ते करात वळते होतात किंवा परत मिळतात, पण विवरणपत्र भरेपर्यंत अडकून पडतात. त्याच विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवायची राहिली, तर 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रश्न : मालदीवमध्ये आख्खं बेट विकत घेता येतं का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. रिसॉर्टचं बेट सरकारकडून साधारण 50 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतं, पुढे रक्कम भरून 99 वर्षांपर्यंत वाढवता येतं. 2015 मध्ये परदेशी मालकीची वाट उघडली होती, पण अट 1 अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची आणि 70 टक्के जमीन भराव घालून केलेली हवी, अशी! 2019 मध्ये ती वाटही बंद झाली.

हिशेब मांडताना पाहुण्याच्या बिलावर पर्यटनाचा 17 टक्के जीएसटी धरा. त्याशिवाय हरित कर : रिसॉर्टमध्ये माणशी दिवसाला 12 डॉलर, वस्तीच्या बेटावरच्या 50 खोल्यांपर्यंतच्या गेस्टहाउसमध्ये 6. एकावन्नावी खोली बांधण्याआधी हा फरक नक्की मोजा.